डाव्या नळीचा घोडा

बंदूक परत आली ती एका जुन्या चादरीत गुंडाळून. दादाने ती कारखान्यातल्या लांब बाकावर ठेवली, चादर उलगडली आणि हात पुसत तो मागे सरला. याच बाकावर त्याने आयुष्यभर लोकांच्या बंदुका उघडल्या होत्या, जोडल्या होत्या. पण आज हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हते. वरच्या मजल्यावरून घरची माणसे खाली उतरली होती आणि भिंतीला लागून उभी होती. आत कुणाला तरी नेल्यावर दवाखान्याच्या व्हरांड्यात माणसे उभी राहतात, तशी.

वर्षभर ती घरची जुनी दुनळी सरकारी कोठारात पडून होती. कारखान्याच्या मागच्या अंगणात, वाळूच्या ढिगाजवळ, तिची डावी नळी उडाली आणि निशाणाचा कागद लावायला गेलेला घरचा जावई तिथेच पडला. बंदूक दादाच्या हातात होती. चौकशी झाली, अपघात ठरला. तपासणाऱ्याने 'शस्त्र जुने व झिजलेले' एवढे लिहून हात झटकले. बाहेर प्रकरण संपले. घरात ते संपले नाही, कारण दादा म्हणत होता की मी काडतुसे घालून बंदूक फक्त बंद केली, चापावर बोट नव्हते. आणि त्याची बहीण, जिचा नवरा गेला होता, म्हणत होती की बोट होते.

बहिणीची चाळिशी उलटली होती, तरी घरात सगळे तिला छोटीच म्हणत. वर्षाने ती या घरात आली होती आणि पाणीसुद्धा न घेता थेट खाली उतरली होती.

"सगळ्यांसमोर बघायचं," ती म्हणाली. "आणि अण्णा, तुम्ही शब्द दिलाय."

अण्णा, तिचे वडील, स्टुलावर बसले होते. त्यांच्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार यांपलीकडे फारसे काही कळत नसे. "दिलाय," ते म्हणाले. "ज्याचा हात चुकला असेल, तो या बाकावर पुन्हा बसणार नाही. मुलगा असला तरी."

"आणि बंदूकच चुकली असेल तर?" दादाची बायको, छोटीची वहिनी, दारातून म्हणाली. "मग कोण उठणार, तेही आजच ठरवा."

"तू गप्प बस गं," आई म्हणाली.

"वर्षभर गप्पच आहे मी, आई."

"भांडायला अख्खा दिवस पडलाय," काका म्हणाले. अण्णांचे हे धाकटे भाऊ. टपाल खात्यात जन्म गेलेला, कानस कधी हातात धरली नाही. पण कारखान्यात उंटावरून शेळ्या हाकायला नेहमी हजर. "आधी बाकावरच्या त्या बयेला बोलू द्या. तिला सगळं ठाऊक आहे."

दादाने बंदूक उघडली, दोन रिकामी काडतुसे घातली. या बंदुकीचे घोडे पोटात असतात, बाहेरून दिसत नाहीत. बंदूक उघडली की ते मागे ओढले जातात आणि प्रत्येकाला एक लहानशी पोलादी खिट्टी अडवून धरते. चाप ओढला की खिट्टी घोड्याच्या खाचेतून निसटते आणि घोडा पडतो. चापाला हात न लावता घोडा पडला, तर दोष बंदुकीत. नाही पडला, तर बोटात. एवढे त्या घरातल्या स्वयंपाकघरालाही माहीत होते.

दादाने बंदूक जोरात बंद केली. मग लाकडी दस्त्याच्या टोकावर रबरी हातोडीने ठोका मारला. पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली, पुन्हा ठोका.

अण्णा कान देऊन ऐकत होते. बिजागरीची कुरकुर, बंद होतानाची टक्क, हातोडीचा दबका आवाज. आतून यायला हवा तो बारीक 'खट्' मात्र येत नव्हता. तो यावा की येऊ नये, हे त्यांनाच ठरवता येईना. आला तर मुलगा सुटत होता. नाही आला तर लेक वर्षभर जे बोलत होती ते खरे ठरत होते. बापाने नेमके काय मागावे?

"झालं समाधान?" छोटी म्हणाली.

"अजून एकदा बघतो," दादा म्हणाला.

"त्या दिवशी एकदाच पुरलं होतं."

आई वहिनीजवळून निघाली आणि छोटीजवळ जाऊन उभी राहिली. तेवढे चार पावलांचे अंतर, पण सगळ्यांनी ते पाहिले. "मला वाटलंच होतं," ती पुटपुटली. "त्या दिवशी सकाळी दोघांची वादावादी झालीच होती. जावयाला इथे छर्ऱ्याच्या खेळण्यातल्या बंदुका विकायला ठेवायच्या होत्या, आणि हा नाकाने कांदे सोलत बसला."

"आई," दादा म्हणाला, "मी त्यांना दुकानात जागा देत नव्हतो. जीव घेत नव्हतो."

"इकडे आण ती," अण्णा म्हणाले.

त्यांनी बंदूक मांडीवर घेतली. पोलाद संपून जिथे लाकूड सुरू होते तिथून त्यांचा अंगठा सावकाश फिरला, थांबला, परत आला. "लाकूड वर आलंय," ते म्हणाले. "कोठारात ओल खाऊन फुगलंय. तो अपघात झाला तेव्हा ऐन उन्हाळा होता. लाकूड सुकून खाली बसलेलं असणार. आत्ता माझ्या मांडीवर आहे ती त्या दिवशीची बंदूक नाही. ती आधी सुकायला हवी."

"म्हणजे तुम्हाला याला वाचवायचंय."

"मला ऐकायचंय, पोरी."

"चला," काका म्हणाले, "म्हणजे बंदुकीला हवापालट." कुणी हसले नाही. मग त्यांनीच घसा खाकरून खिडकीबाहेर पाहिले.

कारखान्याच्या कोपऱ्यात नवे दस्ते सुकवायचे एक लाकडी कपाट होते, आत दिवा जळत ठेवलेले. बंदूक त्यात गेली. अण्णांनी कपाटाची किल्ली छोटीच्या हातावर ठेवली. "तुझ्याकडेच राहू दे. मग उद्या कुणी काही म्हणायला नको."

*

बंदूक सुकायला आठवडा लागणार होता. छोटी माहेरीच राहिली.

त्या आठवड्यात घर दोन चुलींचे झाले, जरी चूल एकच होती. आई छोटीला आधी वाढी, मग इतरांना. वहिनी सगळ्यांचे करून शेवटी उभ्याउभ्याच खाई. काका रोज संध्याकाळी येत. वर गेले की छोटीच्या बाजूने बोलत आणि खाली उतरले की दादाच्या. त्यांच्या मनात लबाडी असावी असे वाटत नाही. समोरच्याचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नसे, एवढेच.

एका संध्याकाळी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. दादा खाटेवर बसून तळहात न्याहाळत होता.

"अहो, त्या स्क्रूचं तुम्ही अण्णांना का सांगत नाही?"

"कुठल्या?"

"तुम्हीच तर मला म्हणाला होतात. लाकूड सुकलं म्हणून चापांच्या खालच्या पट्टीचा मागचा स्क्रू थोडा कमी आवळून ठेवलाय, त्याच्या डोक्यावरची चीर आडवी राहिलीय, अण्णांच्या हाताला लागलं तर शिव्या घालतील."

"त्याचा काय संबंध? तो कमी आवळलेला असला तर चाप उलट खिट्टीपासून लांब राहतो. मी बंदूक सुरक्षित ठेवली होती."

"मग सांगायला काय झालं?"

दादाने तळहात मिटले. "खाली पितळेची पातळ पाचर घालून तो स्क्रू पूर्ण बसवायचा होता. आज करू, उद्या करू करत राहून गेलं. अर्धवट काम भिंतीवर टांगून ठेवलं होतं मी. ते कसं सांगू?"

वहिनीने घडी घातलेला सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. लोक तिच्या नवऱ्याकडे बोट दाखवत होते, आणि याला लाज कशाची वाटत होती, तर एका आडव्या चिरेची.

पण त्या कारखान्याची रीतच तशी होती. अण्णांच्या वडिलांपासून चालत आलेली. इथून बाहेर पडणाऱ्या बंदुकीच्या प्रत्येक स्क्रूची चीर नळीला समांतर हवी. एकही आडवी नको, तिरकी नको. गिऱ्हाइकाला आतले काम कळत नाही, चिरा दिसतात, असे आजोबा म्हणत. लहानपणी हे काम छोटीकडे होते. तिची नजर तीक्ष्ण होती. दादा बंदूक जोडी, छोटी ती शेवटी तेलाच्या फडक्याने पुसून चिरा बघे. एखादी तिरकी राहिली की अण्णा म्हणत, "तोंड न धुता पाहुण्यांसमोर आलीय ही," आणि तिच्या बोटांवर लाकडी पट्टीचा फटका बसे. वाईट इतकेच की तिला ती पट्टी आवडे. या घरात मुलीच्या वाट्याला आलेली कारखान्यातली ती एकमेव गोष्ट होती.

लग्नानंतर ती कधी बाकावर बसली नाही. पण त्या आठवड्यात एका दुपारी ती किल्ली घेऊन कपाट बघायला खाली उतरली आणि बंदुकांच्या मांडणीपाशी रेंगाळली. सासूबाईंचा विचार तिच्या मनात होता. मुलगा गेल्यापासून दोघी एका खोलीत राहत होत्या आणि रोज एकच बोलत होत्या. 'त्याचं बोट होतं.' म्हातारी सुरुवात करी, छोटी पुरे करी, किंवा उलट. ते बोलणे नसते तर त्या खोलीत दोघींना दुसरे काय बोलायचे होते, हे तिला खरेच सांगता आले नसते.

मांडणीतल्या एका बंदुकीचा एक स्क्रू किंचित तिरका होता. छोटीने बाकावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, चिरेत टेकवला, मनगट जरासे वळवले आणि अंगठ्याने चिरेवरून हात फिरवला. मग स्क्रूड्रायव्हर होता तिथे ठेवला. यातले काहीही आपण केले, हे तिला नंतर आठवलेही नसते.

दादा दारात उभा होता. त्याने पाहिले. वर्षभरात पहिल्यांदा तो आपणहून तिच्याशी बोलला.

"ती बंदूक अजून पुरी व्हायचीय."

"मग मांडणीत कशाला ठेवलीस?" ती म्हणाली आणि त्याच्या शेजारून वर गेली.

*

आठवड्याने सगळे पुन्हा खाली जमले. अण्णांनी लाकडावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "बसलं खाली. आता बघ."

दादाने रिकामी काडतुसे घातली, दोन्ही हात नळीवर आणि दस्त्यावर सर्वांना दिसतील असे ठेवले आणि बंदूक बंद केली.

खट्.

आवाज इतका लहान होता की काकांना ऐकूच आला नाही. "काय झालं?" ते म्हणाले.

"डावा पडला," अण्णा म्हणाले. "परत कर."

परत केले. खट्. उजवा घोडा मात्र हातोडीच्या ठोक्यालाही हलला नाही. तिसऱ्यांदा डावा बंद करताना पडला नाही, पण हलक्या ठोक्याला पडला.

वहिनी मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. आई छोटीपासून जरा सरली. कुठल्या बाजूला जावे हे न कळून मध्येच थांबली. "म्हणजे याचं बोट नव्हतं," ती म्हणाली. "बंदूकच तसली. साप साप म्हणून भुई धोपटत बसलो आपण वर्षभर."

छोटी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि सुटकाही नव्हती. हातातली काठी कुणी काढून घ्यावी, तशी ती दिसत होती. "का पडतो?" तिने विचारले. "पिढ्यान् पिढ्या नाही पडला. तेव्हाच का पडला?"

"तोच प्रश्न आहे," अण्णा म्हणाले. त्यांनी बंदूक मागितली आणि दोन्ही चापांवर करंगळी हलकेच टेकवली. "उजव्याला थोडा खेळ आहे. हलतो, मग खिट्टीला लागतो. असाच पाहिजे. डाव्याला खेळच नाही. म्हणजे चापाची पाती आधीच खिट्टीला टेकून बसलीय. खिट्टी खाचेत पुरी उतरतच नाही, नखाएवढ्या आधारावर घोडा उभा राहतो. धक्का बसला की गेला." ते थांबले. कोडे सुटू लागले की कारागिराला वाटते तसे त्यांना वाटत होते, आणि त्यामुळे आपण कशाकडे चाललो आहोत हे त्यांच्या ध्यानात आले नाही. "चाप बसवलेली खालची पट्टी वर ओढली गेलीय. दादा, मागचा स्क्रू बघ."

दादाने बंदूक उलटी करून बाकावरच्या व्हाइसच्या पकडीत धरली आणि तो वाकला. पट्टीच्या मागच्या स्क्रूची चीर नळीला समांतर होती. अगदी सरळ, आखून काढल्यासारखी.

तो तसाच वाकलेला राहिला.

त्याने ती आडवी सोडली होती. कुणी तरी पाव वळसा देऊन ती सरळ केली होती. अपघाताच्या आदल्या दिवशी जावई आणि छोटी इथे मुक्कामाला होते. 'उद्या दुनळी उडवून बघणार आहेत, पुसून ठेव गं,' असे अण्णा छोटीला म्हणाले होते. ते त्याला आत्ता, त्यांच्या आवाजासकट, ऐकू आले.

"खिट्टीच झिजलीय, अण्णा," तो सरळ होत म्हणाला. "जुनी बंदूक. मला आधीच दिसायला हवं होतं. चूक माझीच आहे."

"खिट्टी झिजली तर चापाचा खेळ कसा जाईल? काय बोलतोस तू?"

"झिजलीय म्हणतो ना."

वहिनीने डोळे पुसले. नवऱ्याच्या बोलण्याचा अर्थ तिला लागत नव्हता. आत्ता तर हा सुटला होता. "अहो, पण तुम्ही तर तो स्क्रू कमी आवळून ठेवला होता. चीर आडवी होती म्हणालात."

"तू मध्ये बोलू नकोस."

"आडवी होती?" छोटीने विचारले.

ती भिंत सोडून पुढे आली. दादा व्हाइससमोरून हलला नाही. "बाजूला सर," ती म्हणाली.

"छोटे, राहू दे."

"दादा, सर."

तो सरला. तिने वाकून पाहिले. चीर सरळ होती. तिने पुष्कळ वेळ पाहिले. पुसायचे फडके, दुपार, नळ्यांवरून फिरलेला हात आणि शेवटी कुठेतरी थांबलेली नजर, एवढे तिला आठवले. स्क्रू फिरवल्याचे तिला आठवत नव्हते. आठवावे असे ते काही नव्हतेच.

तिने स्क्रूड्रायव्हर घेतला. पाव वळसा उलटा दिला. चीर आडवी झाली. मग व्हाइसमधून बंदूक सोडवून तिने ती स्वतः उघडली आणि बंद केली. आवाज नाही. तिने हातोडी घेतली, ठोकले. मग आणखी जोरात ठोकले. घोडा जागचा हलला नाही. ती ठोकत राहिली, तेव्हा दादाने तिच्या हातातून हातोडी काढून घेतली.

"मी केलं हे," छोटी म्हणाली.

"मी केलं असेल," अण्णा घाईने म्हणाले. ते स्टुलावरून उठले होते आणि हात पुढे करून तिला शोधत होते. "मी पण हाताळली होती ती. मीच फिरवला असेन."

"अण्णा, तुम्हाला चीर दिसते तरी का?"

"तुझ्या बोटांवर मी मारत होतो ना? मग?"

आई एकदा मुलाकडे, एकदा मुलीकडे पाहत होती. "मग चूक नेमकी कुणाची?" तिने विचारले. ती आरोप करत नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हते.

"पाचर मी घातली नाही," दादा म्हणाला. "आणि सांगितलंही नाही कुणाला. आणि ते अजून वाळूपाशी होते, पाठमोरे. 'थांब' म्हणाले होते. मी ऐकलं, आणि तरी काडतुसं भरून बंदूक बंद केली. सकाळच्या भांडणाचा राग होता म्हणा. माझं काम चालू आहे, तुमच्यासाठी थांबणार नाही, असं दाखवायचं होतं. बोट नव्हतं चापावर. पण माणूस समोर असताना बंद केली ती मीच. त्यात कुठलाही स्क्रू नाही."

हे त्याने आजवर चौकशीतही सांगितले नव्हते आणि बायकोलाही नाही. वहिनी त्याच्याकडे पाहत राहिली. काकांनी काही तरी बोलायला तोंड उघडले आणि मिटले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असे काहीसे त्यांच्या मनात आले होते. पण ते म्हणण्याइतकी जागा त्या खोलीत उरली नव्हती.

अण्णांच्या शब्दाची आठवण कुणी काढली नाही. काढून उपयोगही नव्हता. बाकावरून कुणाकुणाला उठवणार?

छोटी नळाशी गेली आणि तिने हात धुतले. तेल निघेना, तरी ती धूत राहिली. मग तिथूनच, मागे न वळता, ती म्हणाली, "सासूबाईंना सांगावं लागेल."

"इतक्यात कशाला?" आई म्हणाली. "आणि सगळंच कशाला सांगायचं? बंदूक बिघडलेली निघाली म्हण."

"रोज सकाळी उठून आम्ही दोघी याचं नाव घेतो, आई. उद्या सकाळी मी काय बोलू तिच्याशी?"

छोटीने नळ बंद केला.

"दादा, तू चल माझ्याबरोबर."

"मला त्या दारात उभं करणार नाहीत, छोटे."

"मला तरी कुठे करणार आहेत आता?"

वहिनी उठली. ती जिन्यावरून वर गेली आणि नवऱ्याचा बाहेर जायचा कोट घेऊन आली. त्याच्या हातात न देता तिने तो पाठीमागून धरला, आणि दादाने एकेक करून हात बाह्यांत घातले. छोटी दाराशी थांबली होती. तो आल्यावर दोघे बाहेर पडली. अण्णा दोघांच्या पावलांचा आवाज ऐकत होते. गल्लीच्या वळणापर्यंत तो त्यांना वेगवेगळा ओळखता आला. पुढे आला नाही.